अडीच सुताचा बोल्ट

ती घटना मला आजही आठवते ती एका शब्दामुळे. सूत. तीन दशकं पोलीस खात्यात काढली, पण या दोन अक्षरी शब्दाने मला जेवढं शहाणं केलं तेवढं एकाही प्रशिक्षणाने केलं नाही. या आठवणीतल्या कोणाचंही नाव मी घेणार नाही. माणसं अजून पाथर्डीच्याच बाजारात एकमेकांना भेटतात आणि मलाही तिथे अधूनमधून जावं लागतं.

निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. पाथर्डी तालुक्यातलं एक पोलीस ठाणं माझ्याकडे होतं. नवरात्रातला देवीच्या गडावरचा बंदोबस्त संपला होता, दसरा झाला होता आणि सगळ्या ठाण्याला झोप हवी होती. त्याच दिवसांत ऊसतोडीला निघालेल्या गाड्या रस्त्यावर येतात. त्यामुळे सकाळी स्टेशन डायरी उघडली की पहिली नोंद अपघाताचीच असायची.

त्या दिवशी सकाळी आठच्या सुमारास खबर आली. एक तरुण दूधवाला मोटरसायकलला दोन्ही बाजूंनी कॅन लावून संकलन केंद्राकडे चालला होता. मागे त्याची आई बसली होती, तिला तालुक्याच्या गावी दवाखान्यात दाखवायचं होतं. फरशी पुलाच्या उतारावर डाव्या बाजूचा स्टँड, म्हणजे ज्यात दुधाचा कॅन बसतो ती लोखंडी चौकट, गाडीपासून सुटला. कॅन चाकात अडकला आणि गाडी आडवी झाली. मुलाला खरचटण्यावर भागलं. आईचा पाय मांडीतून मोडला.

मी स्वतः जागेवर गेलो. रस्ता दुधाने पांढरा झाला होता आणि त्यावर मुंग्या लागायला सुरुवात झाली होती. पंचनामा केला. चौकटीचे दोन बोल्ट पंधरा-वीस पावलांच्या आत सापडले. फोटो काढले, बोल्ट पाकिटात घातले, सील केलं, पंचांच्या सह्या घेतल्या. गाडी टेम्पोत घालून ठाण्याच्या आवारात आणून उभी केली. सगळं काही नियमाने झालं. फक्त ते बोल्ट मी नीट पाहिले नाहीत, पण ही गोष्ट मला चार दिवसांनी कळली.

दुसऱ्या दिवशी ठाण्याच्या फोनवर एका पुरुषाचा आवाज आला. नाव सांगायला तयार नव्हता.

"साहेब, त्यो दूधवाल्याचा अपघात न्हाई. घातपात हाय. त्यो स्टँड गावातल्या गॅरेजवाल्या पोरीनं बसवलेला हाय. तिनं मुद्दाम बोल्ट ढिलं ठिवलं."

"मुद्दाम कशाला ठेवेल?"

"गेल्या साली त्या पोराचं स्थळ तिला आलं हुतं. सूत जुळलं न्हाई. आता तुमीच समजा."

फोन ठेवला गेला आणि मी समजलो. म्हणजे मला तसं वाटलं. हेतू मिळाला, संधी मिळाली, बोल्ट निघाले हे तर डोळ्यांसमोर होतं. आपल्याकडे सुतावरून स्वर्ग गाठणे म्हणतात. मी तर चहाचा कप संपायच्या आत स्वर्गाच्या दारात पोहोचलो होतो.

त्या मुलीला सगळा बाजार ओळखत होता. वय चोवीसच्या आसपास. आयटीआय केलेली. वडिलांचं दुचाकीचं गॅरेज होतं, त्यांच्या हाताला कंप सुटल्यापासून तीच चालवत होती. बाई मिस्त्री म्हणून सुरुवातीला लोक नुसते बघायला यायचे. मग गाडी घेऊन यायला लागले, कारण तिने बसवलेली वस्तू परत वाजत नसे. क्रॅश गार्ड असो, सीटखालचं कॅरियर असो की दुधाचा स्टँड. त्यामुळे बाकीच्या गॅरेजवाल्यांच्या पोटात दुखत होतं हे मला ठाऊक होतं, पण त्या दिवशी ते माझ्या ध्यानात आलं नाही.

आणखी एक गोष्ट होती. तिचा कागद माझ्याच टेबलावर पडला होता. सरकारी बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये तिची निवड झाली होती आणि चारित्र्य पडताळणीचा फॉर्म आमच्याकडे आला होता. पुढच्या सोमवारपर्यंत तो जायला हवा होता. त्यात एक रकाना असतो, अर्जदारावर गुन्हा दाखल आहे काय किंवा चौकशी चालू आहे काय. त्या रकान्यात एक ओळ गेली की जागा दुसऱ्याला जाते. नंतर माणूस निर्दोष ठरला तरी जागा परत येत नाही. असे उजाड झालेले चेहरे मी ठाण्याच्या पायरीवर पुष्कळ पाहिले आहेत.

मी आधी दूधवाल्या तरुणाला बोलावलं. पहिल्या जबाबात त्याने कोणावरही संशय घेतला नव्हता. मी पुन्हा विचारलं.

"लग्न मोडल्यावरही तू तिच्याकडेच गाडी नेत होतास?"

"तिच्यासारखं काम कोन करतंय, साहेब? अन् लगीन तिनं न्हाई मोडलं. आमच्या घरच्यांनी अट घातली, गॅरेज बंद कर म्हनून. ती न्हाई म्हनली. इषय संपला."

"मनात राग असेल की तिच्या."

"तसं काय दिसलं न्हाई कधी."

"दिसतो का राग? नसेल कशावरून?"

तो खाली बघून म्हणाला, "असंल बी, साहेब. मला काय ठावं." मी लगेच लिहून घेतलं की फिर्यादीला संशय आहे. आज कबूल करतो, तो संशय त्याचा नव्हता. माझा होता. मी तो त्याच्या तोंडात घातला आणि त्याच्या तोंडून परत घेतला.

बाईमाणसाला चौकशीसाठी ठाण्यात बोलावता येत नाही, तिच्या घरी जावं लागतं. मी निरोप पाठवला तेव्हा तिचा उलट निरोप आला. घरी येऊ नका, गॅरेजवर या, दिवसाढवळ्या, शटर उघडं असताना. पोलीस घरात शिरले की गल्ली वेगळंच समजते. मला तो शहाणपणा आवडला नाही. आमच्या ठाण्यातल्या महिला हवालदारांना बरोबर घेऊन मी दुपारी गेलो. या बाई कामाला खमक्या, बोलायला कमी. त्या दिवशी तरी त्यांचं डोकं माझ्यापेक्षा शांत होतं.

गॅरेज लहान पण लख्ख. भिंतीला बोल्ट आवळायचे पाने मापाप्रमाणे टांगलेले. खाली काचेच्या बरण्यांची रांग, लोणच्याच्या असतात तशा, आणि प्रत्येकीत वेगळे बोल्ट. मुलीने हात पुसले, आम्हाला स्टुलं दिली. तिचे वडील कोपऱ्यात बसून होते. त्यांचे हात मांडीवर थरथरत होते.

मी आडपडदा ठेवला नाही. "स्टँड तू बसवलास?"

"व्हय. श्रावनात."

"बोल्ट ढिले ठेवलेस?"

"न्हाई."

"मग चालत्या गाडीचा स्टँड आपोआप गळून पडला?"

"ते बोल्ट बघितल्याबिगर कसं सांगू? मला बोल्ट दाखवा."

"इथे प्रश्न मी विचारतो."

"विचारा की. पर बोल्ट दाखवा."

माझा पारा चढला. मुद्देमाल असा संशयिताच्या हातात देत नसतात, हे मी तिला बऱ्याच मोठ्या आवाजात सांगितलं. ती घाबरली होती, डोळ्यांत पाणी आलं होतं, पण मान खाली घातली नाही. तेवढ्यात हवालदार बाई मला हळूच म्हणाल्या, "सर, पाकीट नको, पण पंचनाम्याचे फोटो आहेत माझ्या मोबाईलमध्ये. ते दाखवले तर?"

मी नाइलाजाने मान हलवली. मुलीने मोबाईल घेतला, दोन बोटांनी फोटो मोठा केला, डोळ्यांजवळ नेला. एक फोटो, दुसरा, परत पहिला. मग ती स्वतःशीच पुटपुटली, "व्हय तर. ह्यांचं सूत जुळतच न्हाई. कसं टिकंल?"

मी ताडकन उठलो. फोनवर ऐकलेला शब्द तिच्याच तोंडून आला होता. "म्हणजे कबूल करतेस तर! सूत जुळलं नाही म्हणून केलंस!"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने वडिलांकडे बघितलं. आणि रडवेल्या तोंडानेच हसली.

"साहेब, मी बोल्टाचं म्हनतीय."

हवालदार बाईंनी तोंडावर रुमाल धरला. त्या हसल्या नाहीत असं त्या आजही शपथेवर सांगतील. मी परत स्टुलावर बसलो.

"सुती बोल्ट हाय ह्यो," ती म्हणाली. मी आयुष्यात सुती कापड ऐकलं होतं, सुती बोल्ट पहिल्यांदाच ऐकला. माझ्या चेहऱ्यावरचं अज्ञान तिला दिसलं असावं. तिने मला शिकवायला घेतलं आणि तिच्या आवाजातली भीती गेली.

जुनं लोखंडी काम इंचाचं असतं. इंचाचे आठ भाग, त्यातल्या एका भागाला मिस्त्री सूत म्हणतात. अडीच सुताचा बोल्ट म्हणजे आठ एमएमला केसभर कमी. मोटरसायकलचं सगळं काम एमएमचं. दोन्ही बोल्ट हातात घेतले तर डोळ्यांना जुळे भाऊ वाटतात. फरक असतो तो आट्यांत. बोल्टावर जी वळणावळणाची खाच असते ते आटे. सुती बोल्टाचे आटे लांब लांब, एमएमचे जवळ जवळ.

तिने एका बरणीतून एक आणि दुसरीतून एक असे दोन बोल्ट काढले, एकमेकांना चिकटवून उजेडासमोर धरले. तीन आट्यांपर्यंत ते जुळले, पुढे मधून उजेड दिसायला लागला.

"आता हा सुती एमएमच्या भोकात घाला. तीन-चार फेरं जातोय. मंग अडकतोय. मानूस म्हनतो, टाईट झाला. टाईट न्हाई झाला साहेब, अडकला. टाईट येगळं अन् अडकलेलं येगळं. पट्टी दाबली जात न्हाई. दोन कॅन दूध अन् खडकाळ रस्ता. किती दिस धरंल?"

"मग तूच घातला नसशील कशावरून?"

"माझ्या बोल्टाच्या डोक्यावर ताकदीचा आकडा असतोय. आठ पॉइंट आठ. वजन घ्यायच्या जागी मी बिनआकड्याचा घालत न्हाई. तुमच्या फोटूतलं डोकं बोडकं हाय. गाडी तुमच्याकडं हाय न्हवं? उजव्या अंगाचं बोल्ट बघा. ते माझं असतील, तर आकडा असंल."

मग तिने स्वतःचा मोबाईल काढला. काम झालं की ती प्रत्येक गाडीचा फोटो काढून ठेवत असे. त्या दूधवाल्याची गाडी सापडली. तारीख श्रावणातली. चारही बोल्ट दिसत होते, प्रत्येकाखाली स्प्रिंग वायसर, म्हणजे बोल्ट ढिला होऊ न देणारी चकती. आणि स्टँड काळाकुळकुळीत.

हवालदार बाई मला म्हणाल्या, "सर, आपल्या आवारातला स्टँड पोपटी आहे."

चार दिवस मी त्या गाडीशेजारून येत-जात होतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. मी आकडा बघायला ठाण्यात परतलो. उजव्या बाजूचे दोन्ही बोल्ट वाकले होते पण जागेवर होते. डोक्यावर आठ पॉइंट आठ. सील केलेलं पाकीट पंचांसमोर उघडलं. दोन्ही डोकी बोडकी. आणि आट्यांच्या खाचांत रंग भरलेला. पोपटी.

याचा अर्थ सरळ होता. श्रावणानंतर कोणीतरी स्टँड उतरवला, रंगवला आणि परत बसवला. ते मुद्दाम केलं की नकळत, हे ठरवायचं राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी मोटार वाहन निरीक्षकांना बोलावलं. त्यांनी पंचांसमक्ष उजवीकडचा एक बोल्ट काढला. गाडीच्या चेसीला, म्हणजे सांगाड्याला, आटे पाडलेली चार भोकं असतात, त्यातलं हे एक. तो वाकलेला होता, म्हणून आकड्याचाच एक नवा बोल्ट त्यांनी नुसत्या बोटांनी घालायला घेतला, तर दोन फेऱ्यांत थांबला. मग भोकात टॅप फिरवला. टॅप म्हणजे आटे साफ करायचं हत्यार. अर्धा फेरा पुढे, थोडा मागे, परत पुढे. भोकातून पोपटी रंगाच्या कुरळ्या सालपटांचा ढीग निघाला. पेट्रोलच्या चिंधीने पुसलं, हवा मारली. मग तोच नवा बोल्ट बोटांनी फिरवला तर तो शेवटपर्यंत गेला, पाण्यात भांडं बुडावं तसा. निरीक्षक म्हणाले, "भोकात रंग होता म्हणून बोल्ट जड जात होता. बसवणाऱ्याला वाटलं, घट्ट झाला."

मी तसाच उठलो आणि दूधवाल्याच्या गावाला गेलो.

टेकडीच्या पायथ्याला वस्ती. मुलगा दूध घालायला गेला होता, उसनी गाडी घेऊन. आई तालुक्याच्या दवाखान्यात होती. घरी फक्त वडील होते. साठीच्या पुढचा, काटक माणूस. सगळे त्यांना आबा म्हणत, मीही तेच म्हणतो. ते गोठ्यात वैरण टाकत होते. मी रामराम करायला वाकलो आणि समोर बैलजोडी दिसली. पोळ्याला रंगवलेली शिंगं, दीड महिना झाला तरी चकचकीत. पोपटी.

मी काहीच बोललो नाही. शिंगाला हात लावला आणि आबांकडे बघितलं. खात्यातल्या लोकांना वाटतं की माणूस दरडावल्यावर बोलतो. पुष्कळदा तो आपण गप्प बसल्यावर बोलतो.

आबांनी हातातली पेंढी खाली ठेवली. "रंग उरला हुता पोळ्याचा," ते म्हणाले. "अर्धा डबा."

"मग?"

"खंडेनवमीला गाडी धुतली. हत्यारं पुजायची, तशी गाडी बी पुजायची. लक्ष्मीच हाय ती, तिच्यावर घर चालतंय. पर त्यो स्टँड काळा. सनाच्या दिवशी काळी वस्तू कशी पुजायची? म्हनलं बैलावानीच रंगवू. पोराला सकाळी उठल्यावर बघून बरं वाटंल."

त्यांनी चारही बोल्ट काढले, स्टँड उतरवला. ब्रशने स्टँड रंगवला, चेसी रंगवली आणि जिथे जिथे भोक दिसलं तिथे ब्रश चांगला आत फिरवला. गंज लागू नये म्हणून. मनापासून केलेलं काम होतं. बसवायच्या वेळी दोन बोल्ट सापडेनात, वैरणीत गेले असावेत. घरात डबा होता, जुन्या नटबोल्टांचा. प्रत्येक शेतकऱ्याच्या घरी तो असतोच, त्यातलं काही कधी फेकलं जात नाही. जुन्या कडबाकुट्टीचे दोन बोल्ट त्यातून निघाले. मापाला बरोबर वाटले. पान्याने जोर लावून आवळले.

"टाईट बसलं हुतं साहेब. देवाशप्पथ. हलत नव्हतं. मी वडून बघितलं."

"पोराला सांगितलं नाही?"

"रंग बघून त्यो खूश झाला. बोल्टाचं काय सांगायचं, म्हनलं." एवढं बोलून आबा गोठ्याच्या कुडाला टेकले. "पडल्याचं कळलं तवाच मला उमजलं. चाळीस वर्सं झाली संसाराला. ऊस तोडताना कोयता लागू दिला न्हाई मी तिला. अन् रंगाच्या हौसेनं माझ्याच हातानं तिचा पाय मोडला. कोन्या तोंडानं सांगू?"

मला वाईट वाटत होतं आणि रागही येत होता. राग बाहेर आला. "त्या गॅरेजवाल्या मुलीवर आळ आला होता. तिची नोकरी जाणार होती. हे तुमच्या कानावर होतं का नव्हतं?"

"हुतं."

"आणि तुम्ही गप्प बसलात?"

आबा बैलाकडे वळले. त्याच्या पाठीवरून हात फिरवला. मग टोपी डोक्यावर घातली, घराला कडी लावली आणि माझ्या जीपच्या दिशेने चालायला लागले. "लिहून घ्या काय लिहायचं ते. पर आधी दवाखान्यात चला. तिला माझ्या तोंडून कळू द्या."

दवाखान्यात त्यांच्या बायकोचा, म्हणजे सगळ्यांच्या मावशींचा, पाय वजन लावून टांगलेला होता. मी दाराशी थांबलो. आबा कॉटजवळ उभे राहिले आणि शाळेत चुकलेलं गणित सांगावं तसं सगळं एका दमात सांगून टाकलं. मावशींनी ऐकून घेतलं. मला वाटलं आता रडारड होणार.

"मंग इतके दिस धड जेवला न्हाईत, ते यापायी व्हय?" मावशी म्हणाल्या. "मला वाटलं माझ्यापायी." आणि थोड्या वेळाने, "रंग मातर चांगला दिला हुता." आबा कॉटच्या कडेवर बसले आणि टोपी तोंडावर धरून रडले. मी बाहेर जाऊन उभा राहिलो. पुढे मग मावशींनी मलाच आत बोलावलं आणि बजावलं, "साहेब, त्या पोरीचं काय बी वाकडं हुता कामा नये. तिला बघायला मीच गेल्ते. गॅरेज बंद कर असं सांगनारी बी मीच. ती सरळ न्हाई म्हनली, तवाच मला कळलं पोरगी खरी हाय म्हनून. लागंल तर माझा अंगठा घ्या कागदावर."

अंगठा घ्यावा लागला नाही, त्यांना सही येत होती. दोघांचे जबाब नोंदवले. मुलाला परत बोलावून त्याचाही जबाब घेतला, या वेळी मी कमी बोललो. वडिलांनी स्टँड रंगवला हे त्याला ठाऊक होतं, बोल्ट बदलल्याचं नव्हतं, आणि रंगाचं मी आधी विचारलंच नव्हतं. निरीक्षकांचा अहवाल जोडला आणि घातपात नाही, अपघात, असा निष्कर्ष काढून कागद वरिष्ठांकडे पाठवले. तो निनावी फोन दुसऱ्या एका गॅरेजवाल्याचा निघाला. त्याला बोलावल्यावर तो म्हणाला, लोक बोलत होते ते मी सांगितलं. पाचामुखी परमेश्वर म्हणतात, पण त्या पाच मुखांपैकी एकानेही बोल्ट पाहिला नव्हता, हे मी त्याला समजेल अशा भाषेत समजावलं. ती भाषा इथे लिहिण्यासारखी नाही.

मग मी तो पडताळणीचा फॉर्म पुढ्यात घेतला. त्या रकान्यात पेन्सिलीने बारीक अक्षरांत "चौकशी सुरू" असं लिहिलेलं होतं. अक्षर माझंच. फोन आला त्या दिवशी मी ते टिपून ठेवलं होतं, शाईने लिहायचं तेवढं बाकी होतं. मी ते खोडलं. खोडरबराने कागद जरा खरबरीत झाला, त्यावर बोट फिरवत बसलो. मग शाईने लिहिलं, निरंक. सही केली, शिक्का मारला आणि टपालाला न देता एका हवालदाराला मोटरसायकलवर अहमदनगरला पाठवलं. सोमवारच्या आत कागद पोहोचला.

गॅरेजवर मी स्वतः गेलो. माफी मागायची आम्हाला सवय नसते, त्यामुळे शब्द धड जुळेनात. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या साहेब. तुमी बोल्ट बघितलं. बघितलंच नसतं तर?" तिथे आबा बसलेले होते. पुढ्यात त्यांच्या घरातला तो नटबोल्टांचा डबा पोत्यावर ओतलेला. मुलगी एकेक बोल्ट उचलत होती, सुती एका बरणीत, एमएमचा दुसरीत, गंजलेला बाहेर. आबा प्रत्येक वेळी आधी स्वतः ओळखायचा प्रयत्न करत होते आणि बहुतेक वेळा चुकत होते. "आबा, डोळ्यानं न्हाई. नटात घालून बोटानं फिरवायचा. आपसूक गेला तर आपला," ती सांगत होती. दूधवाल्याचा नवा स्टँड भिंतीला टेकून उभा होता. या वेळी आधी रंग, मग टॅप आणि मग बोल्ट, असं ठरलेलं होतं. रंग पोपटीच.

त्या मुलीचं आणि दूधवाल्याचं पुढे लग्न झालं का, असं मला हा किस्सा ऐकणारा प्रत्येकजण विचारतो. नाही झालं. दोघांचीही झाली, वेगवेगळ्या घरांत आणि चांगली झाली. मावशी थोडं लंगडतात पण बाजाराला चालत येतात.

या प्रकरणाने मला काय शिकवलं ते थोडक्यात सांगतो. त्या फोनने दिलेला संशय माझ्या मनात तीन फेरे गेला आणि अडकला. तो हलेना, म्हणून मला तो पक्का वाटला. माझ्या मनाच्या भोकात आधीचा रंग वाळलेला होता. बाई मिस्त्री, मोडलेलं लग्न, बदला, हे सगळं मी आधीच धरून बसलो होतो. नंतरच्या दीड वर्षात मी जेवढे तपास केले, त्यात प्रत्येक संशय आधी नुसत्या बोटांनी फिरवून पाहिला. अडकला तर जोर लावला नाही, काढून साफ केला. आधीच्या वर्षांत मी जोर लावून आवळलेले बोल्ट किती असतील, हा विचार मनात येतो तेव्हा मला बरं वाटत नाही.

मागच्या वर्षी नातेवाइकाच्या लग्नाला अकोल्याकडे निघालो होतो, आपल्याच जिल्ह्यातल्या, डोंगरातल्या. वाटेत बस बिघडली म्हणून ती कशीबशी जवळच्या डेपोत नेली. आम्ही प्रवासी आवारात सावलीला उभे राहिलो. पलीकडे आमच्याच बसच्या पोटाखालून एका बाईचा आवाज आला. आवाज ओळखीचा होता, फक्त आता त्यात अधिकार आला होता. चाकाशी एक नवा मिस्त्री हातात लांब पाना घेऊन वाकला होता.

"पाना खाली ठिव आधी. बोटानं फिरव. फिरतोय का?"

"अडकतोय, ताई."

"मंग जोर लावू नको. काढ, भोक साफ कर, परत घाल."

लोखंड खरवडल्याचा आवाज आला. मग तो मिस्त्री म्हणाला, "फिरला ताई. शेवटपर्यंत गेला."

"आता लाव पाना."

मी हाक मारली नाही. ती कामात होती. अर्ध्या तासाने आमची बस निघाली आणि घाटाच्या सगळ्या वळणांवर मी खिडकीशी निवांत झोपलो.